फळी क्रमांक एकशे बारा

रविवारी दुपारी मोजणी आपल्या काकाच्या घरी जेवायला बसली आणि जुन्या सवयीने तिने टेबलाच्या खालच्या अंगाला हात फिरवला. अंक होते तिथेच होते. एक, एक, दोन. तापल्या लोखंडाने लाकडात उठवलेले, बोटाला अजून खडबडीत लागणारे.

याच टेबलाखाली बसून ती मोजायला शिकली होती. इतर मुलं एकापासून सुरुवात करतात, हिने एकशे बारापासून केली. मग झोपाळ्याची फळी, दोनशे चाळीस. मग परसातली पाण्याची टाकी, म्हणजे होडी क्रमांक सतरा. शाळेत गेल्यावर तिला कळलं की बाकीच्या घरांतल्या टेबलांना नंबर नसतात. तेव्हा तिला त्या लोकांची फार कीव आली होती. पुढे आयुष्यभर ती दिसेल ते मोजत राहिली आणि घरात तिचं खरं नाव कुणाच्या तोंडी उरलं नाही. सगळे तिला मोजणी म्हणू लागले.

आज तिच्या पिशवीत संरक्षण खात्याची यादी होती. यादीत लिहिलं होतं: फळी क्रमांक ११२, कोठार, मांडणी चौथी, जागेवर.

"काय झालं गं? कुसळ घुसलं का बोटात?" काकूने विचारलं.

"नाही काकू. टेबल छान आहे."

"छान असणारच. सैन्याचं आहे!" काकू बोलून गेली आणि काकाच्या घशात घास अडकला.

काकाला पाणी दिलं गेलं. पाणी दिलं ते डॉक्टरने, म्हणजे काकाच्या धाकट्या भावाने, मोजणीच्या बापाने. तीन वर्षांत एका भावाने दुसऱ्याच्या हातात दिलेली ही पहिली वस्तू, त्यामुळे सगळ्यांचं जेवण क्षणभर थांबलं.

भांडण कोठारावरून होतं. काका एकतीस वर्षं सैन्याच्या तरंगत्या पुलाचा कोठारप्रमुख. त्याच्या आधी त्याचा बाप, आण्णा, होता. छत्तीस होड्या, त्यांवर टाकायच्या तुळया, तीनशे साठ फळ्या, दोर, नांगर, लोखंडी पिना. हुकूम आला की सहा तासांत नदीवर पूल उभा राहिला पाहिजे, एवढंच त्या कोठाराचं काम. गेल्या साठ वर्षांत हुकूम आला नव्हता. आणि डॉक्टरच्या दवाखान्यात रुग्ण व्हरांड्यात झोपत होते. कोठार दवाखान्याला मिळावं म्हणून डॉक्टरने खात्याला अकरा पत्रं लिहिली. मिळू नये म्हणून काकाने बारा लिहिली. तेवीस पत्रांना कंटाळून खात्याने शेवटी तपासनीस पाठवायचं ठरवलं आणि पुलाची पिन कशी दिसते हे ठाऊक असलेली एकच व्यक्ती खात्यात निघाली. मोजणीने साहेबांना लेखी कळवलं, कोठारप्रमुख माझे सख्खे काका आहेत. साहेबांनी त्याच कागदावर शेरा मारला: या खात्यात प्रत्येक जण कुणाचा तरी पुतण्या आहे. जावे.

"उद्या मोजणार म्हणे," काका खोकला आवरत म्हणाला. "मोज. छत्तीस आहेत."

"पण दादा, छत्तीस असू देत नाहीतर छत्तीसशे," डॉक्टर म्हणाला, "लागणार आहेत कुणाला? चाळीस वर्षं झाली शेजारी सिमेंटचा पूल होऊन."

"लढाई लागली की पहिला तोच उडतो."

"लागली तर!"

"तुझ्या दवाखान्यात वाळूच्या बादल्या टांगल्या आहेत. त्या कशाला? आग लागली तर, म्हणूनच ना?"

"चार बादल्या आहेत, दादा. वाळवंट नाही आणून ठेवलं."

काकूला हसू आलं. ते तिने पदरात लपवलं, कारण दिराच्या बोलण्यावर हसायचं नाही असं तीन वर्षांपूर्वी ठरलं होतं.

"मग किती हव्यात?" मोजणीने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. खात्यातही तिने तीन साहेबांना विचारलं होतं. पहिला म्हणाला दुप्पट, दुसरा म्हणाला निम्म्या, तिसऱ्याने नदी कुठे आहे असं विचारलं.

"छत्तीस," काका म्हणाला.

"शून्य," डॉक्टर म्हणाला.

"पण छत्तीसच का?"

"नदी छत्तीस होड्यांची आहे म्हणून. आपल्या आण्णांनी लढाईत छत्तीसचाच बांधला होता. सहा तासांत! समोरच्या टेकडीवर शत्रू आला, पूल बघितला आणि आल्या पावली परत गेला. साऱ्या जगाला माहीत आहे."

"काका, सीमेपलीकडेही कुणाची तरी पुतणी अशीच यादी घेऊन बसली असेल. आपल्या छत्तीस बघून ते चाळीस करत असतील. मग आपण पन्नास. असं कुठपर्यंत?"

"बघ! माझ्याच पोटची आहे," डॉक्टर खूश झाला.

टेबलाच्या टोकाला आत्या बसली होती, दोघा भावांच्या बापाची धाकटी बहीण, वय वर्षं एक्याऐंशी. त्या लढाईतला पूल प्रत्यक्ष बांधलेल्यांपैकी जिवंत अशी ती एकटीच. तेव्हा ती दोर आवळायच्या कामावर होती आणि हातांची ती खोड अजून गेली नव्हती. समोर हातरुमाल आला तरी त्याला गाठी मारून ठेवायची. आत्ताही तिने रुमालाला चौथी गाठ मारली आणि डॉक्टरकडे पाहिलं.

"आणि रे, आपण शून्य केल्या, तर ते शून्य करतील का?"

"करतील की... म्हणजे, करायला हरकत नाही."

"करतील ना?"

"आता ते मला कसं माहीत असणार, आत्या?"

"मग मघापासून माहीत असल्यासारखं काय बोलतोयस? भाजी घे."

उन्हं कलताना मोजणी कोठारात गेली. काका आधीच तिथे होता. दार उघडं ठेवून, कमरेची किल्ली उगाच पुसत. आत तेलाचा वास. चौदा होड्या ओळीने उपड्या ठेवलेल्या, आरशासारख्या चमकणाऱ्या. काका दर महिन्याला त्यांना स्वतः तेल लावायचा, कापडाने नव्हे, तळहाताने. त्यांच्या पलीकडे बावीस होड्यांची जागा स्वच्छ झाडून ठेवलेली.

"काका, छत्तीस कुठे आहेत?"

"जागेवर."

"काका."

"त्यांच्या त्यांच्या जागेवर," काका म्हणाला आणि खाली बसला.

सुरुवात एका फळीपासून झाली होती. शेजाऱ्याकडे लग्न होतं, पाहुण्यांना बसायला फळी हवी होती. काकाने दिली, एका अटीवर: कोठाराचा भोंगा वाजला की तासाभरात आणून द्यायची. शेजारी हो म्हणाला. हो म्हणायला काय जातं? मग दुसऱ्याला जनावरांना पाणी पाजायला होडी हवी झाली, तिसरीला कोंबड्यांसाठी. वस्तू नुसत्या पडून, माणसं अडलेली. काका नाही म्हणायला शिकलाच नव्हता. आणि अट प्रत्येकाला घालायला कधी विसरला नाही. भोंगा मात्र एकतीस वर्षांत वाजला नव्हता. वर्षातून एकदा गावातल्या राखीव पूलदलाची हजेरी व्हायची, चहा व्हायचा आणि सगळे घरी जायचे.

"तुम्ही दर महिन्याला सही केलीत. सगळं जागेवर म्हणून."

"केली."

"मला हे लिहावं लागेल."

काका बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिला. दोन वर्षं राहिली होती निवृत्तीला. आता बडतर्फी, चौकशी आणि गावात तोंड लपवणं. हे दोघांनाही कळत होतं.

"लिही," तो शेवटी म्हणाला. "चहा घेशील?"

त्याने रदबदली केली असती, तर मोजणीला सोपं गेलं असतं. तिने चहा घेतला आणि कोठाराची नियमावली उघडली. लहानपणी गोष्टीचं पुस्तक मिळालं नाही की काका तिला हीच वाचून दाखवायचा. अकराव्या पानावर तिचं बोट थांबलं.

"काका, नियम सव्वीस."

"तपासनिसाने साठा मोजावा, किंवा पूल उभारून पाहावा," काकाने न बघता म्हणून दाखवलं. म्हणून झाल्यावर आपण काय म्हटलं ते त्याला ऐकू आलं. "अगं, पण एकतीस वर्षांत कुणी उभारून नाही बघितला."

"मोजल्या तर चौदा आहेत. ते मी इथे बसून लिहू शकते. उभारला तर काय होईल, ते मला माहीत नाही. तुम्हाला आहे?"

"नाही," काका म्हणाला. त्याच्या डोळ्यांत भीती होती आणि भीतीच्या मागून आणखी काहीतरी डोकावत होतं, बंद पेटीत काय आहे ते बघायला मिळणार म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांत येतं तसं.

"मग सकाळी सहाला भोंगा वाजवा. सह्यांचं मी लिहिणारच आहे, ते टळणार नाही. पण पुलाचंही लिहीन."

सकाळी भोंगा वाजला तेव्हा डॉक्टर दाढी करत होता. हनुवटी कापली. मग त्याला लेकीने रात्री सांगितलेलं आठवलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. आज पूल बुडणार, कोठार मोकळं होणार, व्हरांड्यातल्या माणसांच्या डोक्यावर छप्पर येणार. त्याने मलमपट्टीची पेटी उचलली आणि नदीकडे निघाला.

रस्त्यात पूल चालत होता.

दुसरा शब्द नाही. न्हावी आपला बाक डोक्यावर घेऊन निघाला होता, फळी क्रमांक अठ्ठ्याण्णव, आणि मागून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक दुसरं टोक धरून. वाचनालयातून पुस्तकं उतरवून सात फळ्या आल्या. दूधवाल्याच्या ट्रकवर तीन होड्या होत्या. धोबीणबाईंनी वाळत घातलेले कपडे दोरासकट आणले, सोडवायला वेळ नव्हता. आणि होडी क्रमांक नऊमध्ये ज्यांचं घर होतं त्या कोंबड्या काही केल्या उतरेनात, म्हणून त्याही आल्या. त्या दिवशी भर नदीत चार अंडी घातली गेली. खात्याच्या अहवालात हे नाही, म्हणून इथे नोंदवलं पाहिजे.

काका किनाऱ्यावर उभा होता. हातात शाळकरी मुलांची असते तशी निळी वही. एकेक वस्तू आली की तो वहीत खूण करत होता. "होडी एकवीस, मळ्यातली, आली. फळी दोनशे सहा, शिंप्याकडची, आली. पिना चाळीस, सुताराकडच्या... अरे, चाळीस होत्या, एकोणचाळीस कशा? खिशात बघ."

मोजणीने वहीत डोकावून पाहिलं. कुठली वस्तू, कुणाकडे, कधी नेली, कशाला वापरतात. एकतीस वर्षं, एकही जागा रिकामी नाही.

"काका, ही खरी वही?"

"सरकारी वहीत रकाना एकच आहे, जागेवर किंवा नाही," काका ओशाळून म्हणाला. "त्यात मावेना."

घरी काकू टेबलाला पाठ लावून उभी होती. दारात दोन जण न्यायला आले होते.

"वहिनी, एक फळीच तर आहे," डॉक्टर मागून येऊन म्हणाला. त्याला मध्ये पडायचं काही कारण नव्हतं, पण भोंगा वाजल्यापासून त्याला स्वस्थ राहवेना.

"एक फळी? याच्यावर माझा संसार झालाय, भाऊजी. याच्यावर तुमच्या लेकीला मी न्हाऊ घातलंय."

"माहीत आहे. चला, मी धरतो एका बाजूने."

"तुम्ही? तुम्हाला तर पूल बुडायला हवाय."

डॉक्टरने टेबलाची कड धरली. हवा होता, हे खरंच होतं. पण दादाच्या पुलात एक फळी कमी पडली म्हणून तो बुडावा, हे त्याला नको होतं. का नको होतं, ते त्याला उलगडेना.

"आधी चहाची भांडी उतरवू द्या," काकू म्हणाली, आणि टेबलाचं एक टोक तिनेच उचललं. दुसरं डॉक्टरने. टेबलाचं कापड नदीपर्यंत तसंच राहिलं.

पहिला घोटाळा आठ वाजता झाला. कोठारातल्या चौदा होड्या आधी पाण्यात सोडल्या होत्या. काकाने मुद्दामच तसं केलं, त्या सगळ्यांत देखण्या होत्या. पाव तासात त्या जड दिसायला लागल्या. अर्ध्या तासात नऊ होड्या काठोकाठ भरल्या आणि सावकाश, चमकत चमकत, खाली गेल्या.

काका पाण्याच्या कडेपर्यंत गेला.

"मी त्यांना दर महिन्याला तेल लावलं, आत्या," तो एवढंच म्हणाला.

आत्या खुर्चीत बसून गाठी तपासत होती. "तेल लावलंस. पण पाणी दाखवलंस का कधी? एकतीस वर्षं कोरड्या ठेवल्यास. लाकूड आक्रसलं, सांधी उघडल्या. ती बघ सतरा नंबरची टाकी. आतून खडखडीत कोरडी आहे. तिचं लाकूड रोज पाण्याने फुगलेलं असतं. जनावरांची होडी बघ. धोबिणीची बघ."

खरंच होतं. ज्या होड्या लोकांनी वापरून वापरून विद्रूप केल्या होत्या, कडा झिजवल्या होत्या, मुलांनी नावं कोरली होती, त्या बदकासारख्या तरंगत होत्या.

मात्र सगळ्याच नाही. काकूच्या अंगणातल्या तीन होड्या आल्या, त्यांत गुलाब. गुलाब काढले तर खाली भोकं.

"हे कुणी केलं?" काका ओरडला.

"पाणी निचरायला नको का?" काकू अगदी हळू आवाजात म्हणाली. "मुळं कुजतात."

आणखी एक होडी कुणीतरी मधोमध कापून दोन मुलींना दोन पाळणे केले होते. एक होडी घेऊन एक कुटुंब गाव सोडून गेलं होतं. काकाच्या वहीत त्यांचा पत्ताही होता, पण तो आठ तास दूरचा होता. मोजणीने तरंगणाऱ्या होड्या मोजल्या. कोठारातल्या पाच, बाहेरच्या सतरा. बावीस.

"छत्तीस हव्यात," काका म्हणाला. "नियमाप्रमाणे बावीस होड्यांचा पूल होत नाही."

"होतो," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"दोन होड्यांमध्ये अंतर दीडपट ठेवा. तुळया तेवढ्या पोचतात. फळ्या पाचऐवजी तीन टाका. गाड्या नाही जाणार, माणसं जातील. काय बघताय? दोर आणा."

"आत्या, हे नियमावलीत कुठे आहे?"

"माझ्या हातांत आहे. तू नियमावली वाच, मी गाठी मारते."

मग काम खरंच सुरू झालं. पुढचे तीन तास काकाला आपली नोकरी जाणार आहे याची आठवण झाली नाही. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून नंबर पुकारत होता आणि प्रत्येक नंबराला एखादं घर ओ देत होतं. डॉक्टर मलमपट्टीची पेटी किनाऱ्यावर विसरून सतराव्या होडीत दोर धरून बसला होता. मधल्या धारेत एक नांगर सुटला आणि पूल धनुष्यासारखा वाकला, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने ओरडला तो हाच. "दादा, दोर! अरे दोर टाक, बुडेल ना आपला!"

आपला, हा शब्द काकाने ऐकला. दोर टाकला.

बाराला सहा तास झाले. बावीस होड्या संपल्या. पूल समोरच्या तीरापासून दोन होड्या अलीकडे थांबला होता. पलीकडे बोरूची दाट झाडी, आणि मध्ये तपकिरी पाणी.

मोजणीने घड्याळ बघितलं, वेळ लिहिली. मग ती आत्याला हाताला धरून पुलावरून चालत अगदी टोकापर्यंत घेऊन गेली. मागून काका आणि डॉक्टर आले. फळ्या पायाखाली हलत होत्या. शेवटून तिसरी एकशे बारा होती. काकूने कापड तेवढं काढून घेतलं होतं.

"आत्याआजी," मोजणी म्हणाली, "दीडपट अंतराची युक्ती तुम्हाला कुठून माहीत?"

आत्या पाण्याकडे बघत राहिली. "आमच्याही वेळी इथेच थांबला होता," ती म्हणाली.

"काय थांबला?" काकाने विचारलं.

"पूल. दोन होड्या कमी. चौदा तेव्हाही कोठारात कोरड्या पडून होत्या, त्या बुडाल्या. माझ्या भावाने, तुझ्या बापाने, तुझ्यासारखंच तेल लावलं होतं त्यांना."

"आण्णांचा पूल छत्तीसचा होता! पुरा होता!"

"पुरा होता असं त्याने कागदावर लिहिलं. मग त्याला तेच खरं वाटायला लागलं. माणूस वाईट नव्हता रे. आम्ही इथेच उभे होतो, मी एकोणीस वर्षांची, चिंब भिजलेली. समोर त्या टेकडीवर एक गाडी आली. तिघं उतरले. दुर्बीण लावून बघितलं. ही झाडी तेव्हाही होती. तिच्यामुळे शेवटचं टोक त्यांना दिसत नव्हतं. मग ते गाडीत बसले आणि गेले. आठ दिवसांनी तह झाला."

"म्हणजे अर्धवट पुलाला घाबरून गेले?" डॉक्टरने विचारलं.

"ते मला काय ठाऊक? घाबरून गेले असतील. नाहीतर जाणारच असतील. नाहीतर तिघांपैकी एकाचं पोट बिघडलं असेल. साठ वर्षं मी याच एका गोष्टीचा विचार करतेय. तह झाल्यावर मी त्यांच्या सरकारला पत्र टाकलं होतं, विचारायला."

"मग?" मोजणीने विचारलं.

"उत्तर यायचंय. अजून टपाल बघते मी."

डॉक्टर हसला, मग थांबला. आत्या थट्टा करत नव्हती. निदान पूर्ण थट्टा करत नव्हती.

"पण मग कळणार कसं, किती लागतात ते?" मोजणी म्हणाली. "लढाई झाली नाही तर पुलामुळे झाली नाही की उगाच झाली नाही, हे कळत नाही. झाली, तर विचारायला वेळ नसतो."

"मला फक्त होड्यांचं कळतं, बाळ. वापरात असेल तेवढीच वेळेला तरंगते. आणि किती आहेत ते स्वतःशी तरी खरं माहीत पाहिजे. समोरच्याला काय दिसतं ते त्याचं तो बघेल. आपणच आपल्याला छत्तीस सांगत बसलो, तर पाय कुठे टाकायचा ते कळत नाही."

काकाने खाली पाहिलं. त्याच्या पायापुढे चार बोटांवर फळी संपत होती.

दुपारी तीन वाजता एकशे बारा पुन्हा स्वयंपाकघरात आली आणि आपल्या पायांवर बसवली गेली. पाणी ठिबकत होतं. काकूने पुसायला फडकं घेतलं, पण मोजणी आधीच तिच्यावर कागद पसरून लिहायला बसली होती. लिहून झाल्यावर तिने वाचून दाखवलं. तिचा आवाज कोरडा होता, खात्यातल्यासारखा.

साठा मोजला नाही, पूल उभारून पाहिला. सहा तासांत दोन होड्या अपुरा राहिला. कोठारात जपून ठेवलेल्यांपैकी नऊ बुडाल्या. कोठारप्रमुखांनी एकतीस वर्षं सगळा साठा जागेवर असल्याच्या सह्या केल्या. त्या सह्या खोट्या होत्या.

काकूने फडकं खाली ठेवलं.

"वाच पुढे," काका म्हणाला.

शिफारस: छत्तीसऐवजी चोवीस होड्या पुरेत. त्या कोठारात ठेवू नयेत, लोकांच्या वापरात, पाण्यात ठेवाव्यात. दर वर्षी न सांगता भोंगा वाजवावा. सरकारी वही रद्द करून कोठारप्रमुखांची निळी वही हीच खरी नोंद धरावी. कोठाराच्या इमारतीची सैन्याला गरज नाही.

"म्हणजे कोठार..." डॉक्टर म्हणाला. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर होतं, आणि त्याला दादाच्या ओल्या, सुरकुतलेल्या हातांखेरीज काही दिसत नव्हतं. "मोजणी, ती सह्यांची ओळ काढता नाही यायची का? मला कोठार हवं होतं गं. दादाची मान नको होती."

"काढली तर निळी वही कशाला हवी, ते कुणाला कळणार नाही, बाबा."

"नोकरी जाईल त्याची!"

"जाईल कदाचित," काका म्हणाला. त्याने कमरेची किल्ली सोडली. सोडायला वेळ लागला, कारण गाठ आत्याने मारलेली होती. मग ती त्याने टेबलावरून डॉक्टरकडे सरकवली. "छप्पर पूर्वेला गळतं. खाटा तिकडे लावू नकोस."

डॉक्टरने किल्ली उचलली नाही. तशीच राहू दिली, आणि तिच्यावर आपला हात ठेवला.

"सही लागेल, काका," मोजणी म्हणाली. "निळ्या वहीच्या शेवटी. आज जे जिथे आहे, ते मी तसं उतरवलंय."

काकाने वही ओढून घेतली, चष्मा लावला. होडी सतरा, परसातली टाकी, तरंगते. होडी नऊ, कोंबड्या, तरंगते. होड्या चार, पाच, सहा, गुलाब, भोकं आहेत. ओळी वाचत तो शेवटच्या ओळीपर्यंत आला.

फळी क्रमांक ११२. जागा: स्वयंपाकघर. स्थिती: ओली.

त्याने पेन उचललं. मग पुन्हा खाली ठेवलं, टेबलाखाली हात घातला, आणि एकेक अंक बोटाने चाचपून पाहिला.

मग सही केली.